सूर्यास्त नऊ वाजून एकवीस मिनिटांनी

मुखेडच्या जुन्या पिढीला ‘शहर’ म्हटले की हैदराबादच आठवे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या कचेरीचे काम असो, मोठी सराफी खरेदी असो की लग्नाचा बस्ता, वाट देगलूरवरून हैदराबादेकडेच जाई. पुढे नांदेड, औरंगाबाद, मुंबई, पुणे अशी शहरे आपली झाली. आता मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर या पट्ट्यातील व्यापारी घरांत आणखी एक प्रवास हळूहळू रुळत आहे. आडत, कापड, किराणा किंवा सराफी सांभाळणाऱ्या घरातील मुलगा पुण्यात अभियंता होतो, कंपनी त्याला लंडनला पाठविते, आणि दोन-तीन वर्षांनी आईवडिलांच्या नावाचे तिकीट येते. ज्या गावाला आजही रेल्वे नाही, त्या गावचा माणूस जगातील सर्वांत जुन्या भुयारी रेल्वेत जाऊन बसतो.

या प्रवासाचा हंगामही ठरलेला असतो. तूर, हरभरा आणि कापसाची आवक उन्हाळ्यात ओसरते. मूग-उडीद श्रावण-भाद्रपदात आणि सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येते. मधले दोन महिने आडतीचे दुकान मुनीमजींवर सोपविता येते. बी-बियाणे आणि खताचे दुकान असणाऱ्यास मात्र जूनमध्ये गल्ला सोडता येत नाही. त्याचे लंडन हिवाळ्यावर जाते, आणि हिवाळ्यातील लंडन हे निराळेच प्रकरण आहे. शिवाय आषाढात चातुर्मास बसतो, आणि चातुर्मासात लांबचा प्रवास करावयाचा नाही असा अनेक घरांचा नेम असतो. त्यामुळे अक्षय्य तृतीयेची वर्षीतपाची पारणी आटोपली की मे अखेर ते जून हाच काय तो अवकाश उरतो.

सामानाची बांधाबांध हा स्वतंत्र अध्याय आहे. हैदराबादहून लंडनचे थेट विमान सुमारे दहा तासांत पोहोचते, आणि विमान कंपन्यांच्या यादीत जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ अशी स्वतंत्र संज्ञाही असते. ती निदान चोवीस तास आधी नोंदवावी लागते. तरीही मराठवाड्यातील गृहिणी केवळ त्या संज्ञेवर विसंबून राहत नाही. मेथीच्या दशम्या, खाकरे, कोरडी शेंगदाण्याची चटणी, भाजलेले मखाणे यांनी पेटीचा अर्धा भाग भरतो. एक गोष्ट मात्र आधी सांगितलेली बरी. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशास दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. नातवासाठी हौसेने बांधलेला पेढ्यांचा पुडा आणि घरचे तूप विमानतळावरच सोडावे लागते, आणि तो क्षण फार जड जातो.

ऐन जूनमध्ये लंडनला सूर्य पहाटे चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी उगवतो. नवकारशी पाळणाऱ्यास दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, थांबावयाचे असते. ती साडेपाचलाच पुरी होतात. मुलगा-सून झोपलेली असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसते, आणि मुखेडहून आलेले वडील आंघोळ-सामायिक आटोपून खिडकीशी बसलेले असतात. साडेसहाला त्यांचा फोन वाजतो. मुखेडला तेव्हा अकरा वाजलेले असतात, मोंढ्यात लिलावाची वेळ झालेली असते. हरभऱ्याचा काय भाव निघाला, हे हॅरोतील एका फ्लॅटमध्ये बसून कळते. लंडन पाहण्याआधी मोंढा पाहून घेण्याची ही सवय कोणी हसण्यावारी नेऊ नये. ज्याच्या जिवावर तिकीट निघाले, त्याची विचारपूस आधी होणार, हे व्यापाऱ्याच्या घरात ओघानेच आले.

हॅरो हे नाव येथे सहज आलेले नाही. लंडनच्या वायव्येस हॅरो, केंटन, वेम्बली या भागांत गुजराती आणि जैन वस्ती दाट आहे. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर तूरडाळ, ज्वारीचे पीठ, राजगिरा, हिंग सारे मिळते. येथून शहराकडे जाणारी मेट्रोपॉलिटन लाइन ही त्या जुन्या रेल्वेचीच वंशज. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तेव्हा विजेची गाडी नव्हती. वाफेची इंजिने भुयारातून धूर सोडीत धावत. बेकर स्ट्रीटपासून फॅरिंग्डनपर्यंत आजची गाडी त्याच भुयारातून जाते. साऱ्या जाळ्यात आज ११ मार्ग आणि २७२ स्थानके आहेत. त्याचा जो नकाशा भिंतीभिंतीवर दिसतो, तो हॅरी बेक या आरेखकाने तयार केला आणि १९३३ मध्ये छापला गेला. त्यात अंतरे खरी नाहीत. विजेच्या जोडणीचा आराखडा काढावा तशा सरळ रेषा आणि स्थानकांचा क्रम एवढेच त्यात आहे. प्रवाशाला कोठे चढावे, कोठे उतरावे आणि कोठे बदलावे एवढेच हवे असते, हे ज्याला उमगले तो माणूस खरा व्यवहारी म्हटला पाहिजे.

मुखेडकराच्या ध्यानात मात्र पहिल्यांदा दुसरीच गोष्ट येते. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊपूर्वीचे भाडे अधिक, नंतरचे कमी. गर्दीच्या वेळेचा भाव चढा आणि मोकळ्या वेळेचा उतरता, हा हिशेब त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. दुसरी गोष्ट सरकत्या जिन्याची. तेथे उजव्या बाजूस उभे राहावयाचे आणि डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी सोडावयाची. एवढ्या प्रचंड गर्दीत कोणी कोणाला खेटत नाही, डब्यात कोणी कोणाशी बोलत नाही. मुखेड-नांदेड एसटीत दीड-दोन तासांत शेजाऱ्याच्या तीन पिढ्यांची माहिती घेणाऱ्या माणसाला ही शांतता प्रथम शिस्तीची वाटते आणि चार दिवसांनी एकटेपणाची.

फॅरिंग्डनहून चालत सेंट पॉलच्या कॅथीड्रलकडे यावे. १६६६ च्या सप्टेंबरात पुडिंग लेनमधील एका पाववाल्याच्या भट्टीतून उठलेल्या आगीने चार दिवसांत जुने लंडन जाळून टाकले. त्यानंतर ख्रिस्तोफर रेन याने हे नवे मंदिर उभारले. १६७५ मध्ये काम सुरू झाले आणि ते पुरे होण्यास १७१० उजाडले. घुमट ३६५ फूट उंच आहे. मार्गदर्शक या घुमटाचे पुष्कळ कौतुक करतात. मराठवाड्याच्या माणसाने मात्र तळघरातील समाधीकडेही पाहावे. तेथे ड्यूक ऑफ वेलिंग्टन पुरलेला आहे. नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती म्हणून जग त्याला ओळखते. परंतु त्याच्या आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावापाशी, केळणा नदीच्या काठी शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरविणारा आर्थर वेलस्ली तो हाच. असई ते सेंट पॉलचे तळघर हे अंतर किती, हा प्रश्न भूगोलाच्या मास्तरांनी मुलांना घालावा असा आहे.

तेथून पुढे बँक ऑफ इंग्लंडच्या समोर रॉयल एक्सचेंज लागते. टॉमस ग्रेशम या व्यापाऱ्याने ती पेठ बांधली आणि १५७१ मध्ये एलिझाबेथ राणीने तिचे उद्घाटन केले. दोनदा जळून आजची इमारत १८४४ ची आहे. शिखरावर वाऱ्याची दिशा दाखविणारा सोनेरी नाकतोडा आहे. तो ग्रेशम घराण्याचे चिन्ह. एके काळी येथे देशोदेशीचे व्यापारी आपापल्या ठरलेल्या कोपऱ्यात उभे राहून सौदे करीत. आज आत दागिन्यांची आणि उंची घड्याळांची दुकाने आहेत. दहा मिनिटे चालले की लेडनहॉल स्ट्रीटवर लॉइड्सची पोलादी इमारत येते. १९८६ साली पुरी झालेल्या या इमारतीचे जिने, नळ, लिफ्ट सारे बाहेरच्या अंगाला काढलेले आहे, त्यामुळे बांधकाम अजून अपुरेच आहे असे नवख्याला वाटते.

लॉइड्सची हकीकत व्यापाऱ्याने मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचे कॉफीचे दुकान होते. जहाजांचे मालक, कप्तान, माल पाठविणारे तेथे बसत. कोणते जहाज कोठे पोहोचले याच्या बातम्या तेथे आधी कळत. त्याच टेबलांवर कोणी जहाजाच्या जोखमीत भागी घेऊ लागले, आणि त्यातून जगाचा सागरी विमा उभा राहिला. आजही आत ‘लुटीन’ नावाच्या बुडालेल्या जहाजाची घंटा टांगलेली आहे. पूर्वी जहाज बुडाल्याची बातमी आली की ती एकदा वाजे, आणि थांग नसलेले जहाज सुखरूप परतले की दोनदा. मोंढ्यातील चहाच्या टपरीवर पाऊसपाणी, आवक आणि उधारी यांच्या बातम्या ज्याने तीस वर्षे गोळा केल्या, त्याला या कहाणीत परके काही वाटत नाही.

परंतु याच जागेचा जुना इतिहास अधिक जिव्हारी लागणारा आहे. लॉइड्सची इमारत आज जेथे आहे तेथे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय होते. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेल्या काही व्यापाऱ्यांच्या मंडळीने येथे बसून आधी मिरी आणि कापड विकले आणि नंतर एक देश चालविला. कंपनीच्या मालाचे लिलाव मेणबत्ती लावून होत. मेणबत्ती इंचभर जळेपर्यंत बोली चालावयाची, ज्योत विझताना ज्याची बोली शेवटची त्याचा माल. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची आपल्याकडील जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लिलावाच्या या युक्तीचे कौतुक वाटेल. मेणबत्तीच्या सौद्यात शेवटच्या क्षणापर्यंत थांबण्याचे धैर्य लागे, रुमालाखालच्या सौद्यात चेहरा न हलविण्याचे. कंपनीचे ते घर १८६१ मध्ये पाडले गेले. पाहण्यासारखे आता तेथे काही उरलेले नाही, आणि बहुतेक पर्यटक थांबतही नाहीत. व्यापाऱ्याने थांबावे. तराजू घेऊन आलेल्यांच्या हाती तलवार कशी आली, याचा विचार करण्यास जगात याहून योग्य जागा क्वचितच असेल.

टॉवर ऑफ लंडन येथून जवळ आहे. तिकीट माणशी साडेतीन हजार रुपयांहून अधिक पडते. जोडप्याचे किती, हा गुणाकार मनात होतो आणि क्षणभर पाय अडखळतात. तरी कोहिनूर पाहिल्यावाचून परतलो असे गावात सांगणार कसे? रत्नागारात मुकुटांच्या पेट्यांपुढे सरकता पट्टा आहे. त्यावर उभे राहिले की माणूस आपोआप पुढे सरकतो, रेंगाळता येत नाही. मोजून काही क्षण कोहिनूर समोर येतो आणि मागे पडतो. १८४९ मध्ये पंजाब जिंकल्यावर बालवयाच्या दलीपसिंहाकडून तो इंग्रजांनी घेतला. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा लोकांना त्याचे तेज पुरेसे वाटले नाही, म्हणून १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले. १८६ कॅरटांचा हिरा १०५.६ कॅरटांवर आला. चाळीस टक्क्यांहून अधिक घट! राजकीय न्याय-अन्यायाची चर्चा बाजूला ठेवली तरी, एवढी घट मान्य करून माल चमकविण्याचा हा सौदा कोणत्याही सराफाच्या पोटात गोळा आणील. हा हिरा गोवळकोंड्याच्या खाणींतून निघाला असे मानतात. मुखेडकराच्या आजोबांनी ज्या हैदराबादेत बस्ते बांधले, त्या शहराच्या उशाशीच गोवळकोंड्याचा किल्ला आहे.

दुपार होते आणि पोट प्रश्न विचारू लागते. येथे दोन जुन्या प्रवाशांची आठवण अपरिहार्य आहे. १८८८ मध्ये राजकोटहून लंडनला निघालेल्या अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींना मातोश्रींनी सहज परवानगी दिली नव्हती. बेचरजी स्वामी या जैन मुनींनी मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा दिली, तेव्हाच आईने होकार दिला. लंडनला पोहोचल्यावर कित्येक दिवस त्यांचे पोट भरत नव्हते. रोज कित्येक मैल पायपीट करून ते शाकाहारी खाणावळ शोधीत, आणि अखेर ती त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर सापडली. आपला प्रवासी सकाळी उतरला त्याच परिसरात. दुसरे वीरचंद राघवजी गांधी. महुव्यासारख्या लहान गावात जन्मलेले, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले हे गृहस्थ १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेले. निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होते. साधूच्या आचारास समुद्रप्रवास मान्य नसल्याने त्यांनी वीरचंदांना तयार करून पाठविले. परदेशात त्यांनी आहाराचे नियम कसोशीने पाळले, तरी परतल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातील काहींचा रोष त्यांना सोसावा लागलाच. आज नातवाला भेटण्यास निघालेल्या आजीला निरोप देण्यास सारा मोहल्ला गाडीपर्यंत येतो. सव्वाशे-दीडशे वर्षांत एवढे पाणी पुलाखालून गेले.

आजच्या लंडनमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. यूस्टन स्थानकाजवळ ड्रमंड स्ट्रीट नावाच्या लहानशा रस्त्यावर भेळ, डोसा, थाळी देणारी शाकाहारी उपाहारगृहे अनेक वर्षांपासून आहेत. अडचण निराळीच आहे. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की शंका मिटते. तेथे तो ठिपका नाही. ‘व्हेजिटेरियन’ असे छापलेल्या वस्तूत अंडे असू शकते. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते, मुलांच्या रंगीत गोळ्यांत जिलेटिन असते. ‘व्हीगन’ लिहिलेल्या पदार्थात अंडे-दूध नसते, पण कांदा-लसूण-बटाटा भरपूर असतो. म्हणून घटकांची बारीक अक्षरातील यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यासाठी आजोबांना चष्मा आणि नातू दोन्ही लागतात. आठ वर्षांचा नातू खाडखाड इंग्रजी वाचून ‘हे चालेल, हे नाही चालणार’ असे सांगतो. एरवी हाच नातू वर्गमित्राच्या वाढदिवसाचा केक समोर आला की काय करतो, हा प्रश्न आजीच्या ओठांवर येतो. बहुतेक वेळा तो सुनेसमोर विचारला जात नाही.

ड्रमंड स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर यूस्टन रोडवर वेलकम कलेक्शन आहे. पर्यटकांच्या यादीत त्याचे नाव सहसा नसते, जैन वाचकाने मात्र ते टिपून ठेवावे. हेन्री वेलकम हा औषधांचा मोठा उत्पादक होता. वैद्यकाच्या इतिहासाचे वेड घेऊन त्याने जगभरातून वस्तू आणि ग्रंथ जमविले. त्याचा प्रतिनिधी पैरा मल हा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानात फिरून हस्तलिखिते विकत घेत होता. अशा रीतीने दोन हजारांहून अधिक जैन हस्तलिखिते लंडनला पोहोचली. जी पोथी आपल्याकडे ज्ञानपंचमीला बाहेर काढून पुजली जाते, ती तेथे क्रमांक लावून थंड खोलीत ठेवलेली होती. २०२५ मध्ये या संस्थेने हा संग्रह जैन समाजाला परत करण्याचे जाहीर केले. इन्स्टिट्यूट ऑफ जैनॉलॉजी या संस्थेशी बोलणी होऊन पोथ्या बर्मिंगहॅम विद्यापीठातील जैन अध्ययनाच्या ‘धर्मनाथ नेटवर्क’कडे सोपविण्याचे ठरले. परत म्हणजे भारतात नव्हे, हे खरे. त्यावरून मतभेद होऊ शकतात आणि व्हावेतही. पण मालकी कोणाची हे मोकळेपणाने कबूल केले गेले, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या गावच्या मंदिरांत आणि स्थानकांत लाकडी पेटीतील पोथ्यांना वाळवी लागत असेल, तर त्यांची मालकी आपलीच आहे एवढ्याने त्या वाचणार नाहीत, हेही त्यासोबत ध्यानात घ्यावे.

ब्रिटिश म्युझियम तेथून पाऊण मैलाच्या आत आहे, आणि ते विनामूल्य आहे. टॉवरच्या तिकिटाने दुखावलेले मन येथे शांत होते. १७५३ मध्ये स्थापन होऊन १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय एका दुपारी पाहून होणे शक्य नाही. मिसरची शवे, रोझेटा शिला ही गर्दीची ठिकाणे. त्यांची वर्णने सर्वत्र उपलब्ध आहेत. दक्षिण आशियाच्या दालनाकडे गर्दी कमी असते. या संग्रहालयाकडे ओरिसातून आलेली, अकराव्या-बाराव्या शतकातील एक शिळा आहे. ऋषभदेव आणि महावीर, पहिले आणि चोविसावे तीर्थंकर, एकाच पाषाणात शेजारी शेजारी कायोत्सर्ग मुद्रेत उभे आहेत. ऋषभांच्या जटा खांद्यावर उतरलेल्या, खाली लांछने. १८७२ मध्ये ती संग्रहालयात दाखल झाली.

संग्रहालयात जिनप्रतिमा पाहणारा श्रावक क्षणभर गोंधळतो. पायांत बूट असतात. हात जोडावेत की नाही? शेजारी एक विद्यार्थिनी वहीत चित्र काढीत असते, एक पाहुणा मूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो घेत असतो. प्रक्षाल नाही, पूजा नाही, दिवा नाही; आहे तो छताचा मंद प्रकाश आणि एक क्रमांक. मूर्तिपूजक कुटुंबातील बाई डोळे मिटून पुटपुटतात. स्थानकवासी कुटुंबाला पूजेचा प्रश्न नसतो, परंतु तेही तेथून लवकर हलत नाही. सैतवाळ, ओसवाल, खंडेलवाल असे घरी कितीही वेगळे चुलीचे हिशेब असोत, त्या शिळेसमोर ते कोणाला आठवत नाहीत.

याच संग्रहात धारची पांढऱ्या संगमरवराची देवी आहे. धार ही परमार राजा भोजाची नगरी, आणि मराठी वाचकाला ती पवारांची राजधानी म्हणून ठाऊक. अनेक वर्षे ही मूर्ती भोजाची सरस्वती, वाग्देवी, म्हणून ओळखली गेली आणि आजही मोठा वर्ग तिला त्याच श्रद्धेने पाहतो. तिच्या पायथ्याचा लेख संवत १०९१ चा, म्हणजे इ.स. १०३४ च्या सुमाराचा आहे. हरिवल्लभ भायाणी यांच्यासारख्या विद्वानांनी तो वाचून दाखविले की, वररुची नावाच्या भक्ताने आधी वाग्देवी आणि तीन जिनप्रतिमा घडविल्या आणि त्यानंतर ही अंबिका घडविली. पायाशी असलेला सिंहही अंबिकेकडेच निर्देश करतो. अंबिका ही नेमिनाथांची शासनदेवी. वाद अजून शमलेला नाही आणि तो येथे सोडविण्याचे कारण नाही. पण दगडावरची चार ओळींची अक्षरे वाचण्यास कोणी तरी बसले, म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या एका श्रावकाचे नाव आज उच्चारता येते.

एक स्पष्ट बोल येथे लिहिणे प्राप्त आहे. लंडनच्या काचेपुढे डोळे पाणावणाऱ्या मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांनी वेरूळची इंद्रसभा पाहिलेली नसते, धाराशिवच्या जैन लेण्यांची वाट त्यांना ठाऊक नसते. मुखेडच्या शेजारचे कंधार हे राष्ट्रकूटांचे नगर. ज्या घराण्यातील अमोघवर्षाने जिनसेनाचार्यांना गुरू मानले, त्या घराण्याचे. तेथील जगत्तुंग सागराच्या बांधावर मोटार उभी करून चहा पिणारे पुष्कळ, तो जलाशय कोणाचा हे विचारणारे थोडे. खुद्द मुखेडच्या दशरथेश्वर मंदिरावरील शिल्पे रोजच्या वाटेवर असूनही नीट पाहिली जात नाहीत. दूरचे पाहण्यास तिकीट काढावे लागते म्हणून माणूस ते डोळे उघडून पाहतो.

पुढचे लंडन बसच्या वरच्या मजल्यावरून पाहिले तरी चालते. ट्रॅफल्गार चौक, पार्लमेंट, १८५९ पासून ठोके देणारी बिग बेनची साडेतेरा टनांहून जड घंटा, थेम्सचे मातकट पाणी. चित्रांत पाहिल्याप्रमाणेच सारे असते, त्यात सांगण्यासारखे फार नाही. वेळ असेल तर प्रिमरोझ हिलजवळील १०, किंग हेन्रीज रोड हे घर चुकवू नये. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहून शिकत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केले.

संध्याकाळी सहाला हॅरोत परतल्यावर मुखेडकरांची खरी पंचाईत सुरू होते. मुखेडला वर्षभरात सूर्यास्त सव्वा तासाच्या आतबाहेर मागेपुढे होतो. चौविहार करणाऱ्याची घडी पोटातच बसलेली असते. लंडनला २१ जूनला सूर्य रात्री नऊ वाजून एकवीस मिनिटांनी मावळतो. साडेआठला स्वच्छ ऊन असते, मुले बागेत खेळत असतात. नियमाने नऊपर्यंत जेवता येते. पण चाळीस वर्षे साडेसहाला ताट वाढून घेणारे आजोबा साडेसहालाच जेवतात आणि मग तीन तास उजेडात बसून प्रतिक्रमणाच्या वेळेची वाट पाहतात. रात्र कधी होते आणि झोपावे कधी, हे शरीराला कळत नाही. मुलगा कार्यालयातून सातला येतो आणि आठला जेवतो, तोही सूर्यास्तापूर्वीच. तेवढ्यावर आई सुखावते. मुलगा परदेशात जाऊनही नियम पाळतो, असे ती मुखेडच्या बहिणीला फोनवर सांगते.

तो फोन डिसेंबरात झाला असता तर तिला काय सांगावे लागले असते? २१ डिसेंबरला लंडनचा सूर्य सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी उगवतो आणि दुपारी तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी मावळतो. नवकारशी पुरी होण्यास पावणेनऊ वाजून जातात, तोवर माणूस गाडीत असतो. कार्यालय सुटते साडेपाचला, तेव्हा मिट्ट काळोख. ज्याला चौविहार करावयाचा त्याने दिवसाचे दुसरे जेवण साडेतीनलाच, कामाच्या टेबलावर, आटोपले पाहिजे. काही तरुण ते करतात. काही तिथीलाच करतात, काहींनी हिवाळ्यापुरता तिविहार धरला आहे, आणि काहींनी हा विषय बोलणेच सोडले आहे. यांतील कोणाही एकाला दोष देणे मुखेडच्या ओट्यावर बसून सोपे असते.

लंडनच्या जुन्या जैन कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. जामनगर भागातील हालारी विसा ओसवाल आधी पूर्व आफ्रिकेत गेले. नैरोबी विषुववृत्ताच्या इतके जवळ की तेथे बारा महिने सूर्य साडेसहाच्या आसपासच मावळतो. नियमाला त्याहून सोयीचे शहर नाही. तेथून ही कुटुंबे ब्रिटनला आली तेव्हा सूर्यच बदलला. त्यांनी स्थानिक सूर्योदय-सूर्यास्ताची कोष्टके छापून घरोघरी लावली. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बारजवळ त्यांनी विस्तीर्ण जमीन घेतली आणि २०१० मध्ये तेथे शिखरबंदी देरासराची प्रतिष्ठा झाली. हिरव्यागार कुरणांत उभे असलेले ते पांढरे शिखर पाहिले की राणकपूरच्या वाटेवर असल्याचा भास होतो. रविवारी मराठी मंडळीही तेथे दिसतात, आणि गुजरातीत चाललेल्या गप्पांत मराठवाड्याची मारवाडी मिसळते. मुलांच्या पाठशाळेत मात्र नवकाराचा अर्थ इंग्रजीतूनच सांगावा लागतो.

जूनमध्ये आलेली आई हे डिसेंबरचे गणित तिथल्या एखाद्या जुन्या बाईंकडून समजून घेते. साडेतीनला गार खाण्याजोगे काय टिकते, दशमी चार दिवस मऊ राहावी म्हणून कणीक दुधात भिजवावी की मोहन वाढवावे, कोणत्या दुकानात विनाबटाट्याचा कोरडा खाऊ मिळतो, याची बोलणी देरासराच्या जेवणघरात बराच वेळ चालतात. परतीच्या दिवशी पेटी हलकी झालेली असते. येताना दशम्या-खाकऱ्यांनी भरून आणलेले स्टीलचे डबे ती घासूनपुसून सुनेच्या फडताळात, हाताला येतील अशा खालच्या खणात ठेवून जाते.